टोपलीवर नाव कुणाचे?

किन्हवली हे शहापूर तालुक्यातले, मुरबाडच्या अंगाला असलेले बाजाराचे गाव. भोवताली ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या वाड्या आणि पाडे. आपल्या बौद्ध वस्तीतली मुले याच आदिवासी मुलांबरोबर एका बाकावर बसतात. तरीही भांडण झाले की ‘ए कातकऱ्या’ अशी हाक शिवीसारखी ऐकू येते, आणि कधीकधी ती आपल्याच मुलांच्या तोंडून येते. जातीच्या नावाने हाक मारली की काय वाटते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. मग आपल्या घरात हे का चालावे?

केवळ रागावून हे जात नाही. मुलांना काही दाखवावे लागते. म्हणून वस्तीतल्या चार घरांनी मिळून सुट्टीत मुलांना पुण्याला नेले. किन्हवलीहून एस.टी.ने शहापूर, पुढे आसनगाव स्टेशन, लोकलने कल्याण आणि तिथून पुण्याची गाडी. भाकरी, चटणी आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर होत्या. मुक्काम ओळखीच्या घरी, त्यामुळे खर्च बेताचा.

पुणे स्टेशनपासून जवळच, क्वीन्स गार्डन भागात, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. ही शासनाची संस्था १९६२ साली सुरू झाली. तिच्या आवारात आदिवासी संग्रहालय आहे. महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींची शेतीची आणि शिकारीची अवजारे, मासे धरण्याची साधने, बांबूच्या टोपल्या, दागिने, वाद्ये, मुखवटे, वारली चित्रे असा हा संग्रह.

काचेपलीकडे टोपली पाहून आमच्यातली एक मुलगी म्हणाली, “अशी तर आजीकडे आहे!” मुले हसली. पण हसण्यासारखे त्यात काही नव्हते. जी वस्तू आपण घराच्या कोपऱ्यात टाकतो, ती इथे जपून ठेवली आहे, ही गोष्ट मुलांच्या ध्यानात आली. मग आम्ही त्यांना एक काम दिले. प्रत्येक वस्तूपुढे तीन प्रश्न विचारायचे: ही कशाची केली? कशासाठी केली? आणि कुणी केली?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुले भराभर देऊ लागली. तारपा हे वाद्य दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून तयार होते. मेणाने सांधे बुजवतात. एक माणूस तो फुंकतो आणि त्याच्याभोवती सारा पाडा फेर धरतो. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात मोठमोठे मुखवटे घालून सोंगे नाचतात. ते लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. कातकरी हे नाव कुठून आले, हेही मुलांना सांगितले. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. म्हणजे जे नाव शिवी म्हणून वापरले गेले, ते मुळात एका कसबाचे नाव आहे. जंगल हातचे गेले तेव्हा हेच कसबी लोक कुटुंबासह वीटभट्टीवर जाऊ लागले, आणि मुलांची शाळा सुटू लागली.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र मुले अडली. टोपली विणणाऱ्या बाईचे नाव काय? तारपा करणाऱ्याचे? जगभरच्या संग्रहालयांत बहुधा असेच असते. जमातीचे नाव लिहिलेले असते, माणसाचे नसते. वारली चित्रांचेच पाहा. लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहिणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या होत्या. त्यांची नावे कोण सांगणार? पुढे डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे कागदावर चित्रे काढू लागले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचे काम मांडले गेले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले, पण नाव राहिले. नाव राहिले की माणूस राहतो.

दुपारी सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिस संस्थेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय पाहिले. हे १९९६ साली खुले झाले. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथे आहेत. मुले एकदम गप्प झाली. साधी भांडी, साधे कपडे, पण ती कुणाची हे ठाऊक असल्यामुळे पाय पुढे निघेना. बाहेर आल्यावर एका मुलाने विचारले, “इथल्या भांड्यांना नाव आहे. तिथल्या टोपलीला का नव्हते?” शाळेतल्या कोणत्याही परीक्षेपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. ज्याला लिहिता येते, त्याच्या हातात नावे ठेवण्याचा आणि नावे पुसण्याचा अधिकार जातो. बाबासाहेबांनी ‘शिका’ हा शब्द पहिला का ठेवला, हे मुलांना तिथे उमगले असावे.

दुसऱ्या दिवशी परतताना मळवली स्टेशनवर उतरून कार्ले लेणी पाहिली. पायऱ्या पुष्कळ आहेत. लहान मुलांना दमाने न्यावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या चैत्यगृहात ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. त्यांत धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, कारण दार त्याने केले. खांब दान देणाऱ्या यवनांचीही नावे आहेत. दूरदेशीचा माणूस आणि गावचा सुतार, दोघांची नावे एकाच लेण्यात दगडावर कोरली गेली. राजांच्या नावांबरोबर कारागिराचे नाव लिहिणारी ही जागा आहे. नाव लिहायचे ठरवले तर लिहिता येते, याचा तो पुरावा आहे.

परत आल्यावर मुलांनी एक वही केली. किन्हवलीच्या बाजारात सूप, टोपली, झाडू विकायला बसणाऱ्या बायांना ती नाव विचारतात, गाव विचारतात आणि वस्तू कशी केली ते लिहून घेतात. ‘ए’ म्हणून हाक मारायची नाही, ‘मावशी’ म्हणायचे, हा नियमही त्यांनीच केला आहे. पहिल्यांदा त्या बाया संकोचल्या. आता काहीजणी आपणहून सांगतात.

आपल्या गावाजवळ संग्रहालय नसेल, पण बाजार आहे, पाडे आहेत, आजीच्या घरचा कोपरा आहे. पुण्याला जाणे जमेल तेव्हा जरूर जा. आधी वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या. मुलांच्या हातात वही-पेन्सिल द्या. आणि तिसरा प्रश्न विचारायला विसरू नका.