लय पळू द्यायची नाही

पथकाची श्रीमंती ढोलांच्या संख्येवर मोजायची रीत मला कधीच पटली नाही. पन्नास ढोल, शंभर ढोल, दीडशे ढोल असे आकडे फलकांवर झळकतात. पण चौकात उभा असलेला जाणता माणूस आधी टोल ऐकतो. दांडीला टांगलेली धातूची जाड थाळी, एवढंच ते वाद्य. त्याचा ठोका कोरडा आणि हट्टी. ताशा कितीही खेळो, ढोल कितीही उधळोत, टोलवाल्याने आपली जागा सोडायची नाही. आमच्या पथकात टोल नेहमी सगळ्यांत अबोल मुलाच्या हाती असायचा. मिरवणुकीच्या फोटोत तो बहुधा कुणाच्या तरी ध्वजामागे झाकला जायचा.

मी ताशा वाजवायचे. ताशेवाल्यांना मान लवकर मिळतो आणि तो डोक्यातही लवकर जातो. काड्या हातात आल्या की सगळे ढोल आपल्या इशाऱ्यावर चालतात असं वाटायला लागतं. त्या वयात ते थोडं खरंही असतं.

नवी मुंबईतल्या आमच्या ऐरोलीला ढोल-ताशाचा हा पुणेरी बाज तसा उपराच. इथली मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची; दिवा कोळीवाड्यात हळदीला बँड आणि बेंजो वाजणार, ढोल-ताशाचं तिथे काही अडत नाही. सिडकोचे सेक्टर उभे राहिले तशी घाटावरची आणि कोकणातली माणसं या पट्ट्यात आली. साताऱ्याकडच्या माथाडी कुटुंबांनी लेझीम आणली, कोकणातल्यांनी बाल्या नाच आणला. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, विमलाबाई गरवारे अशा शाळांच्या पथकांनी ढोल-ताशाला रांग, गणवेश आणि शिस्त दिली होती. तो वारसा आमच्यापर्यंत ठाणे-डोंबिवलीमार्गे पोचला. 1999 साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली, ती गावोगाव पसरली आणि पथकांना गणपतीखेरीज वर्षातला आणखी एक हक्काचा दिवस मिळाला. 2004 मध्ये ठाणे-वाशी लोकल धावू लागली. मग ठाण्याहून शिकवायला येणारे दादा ताशा पाठीला अडकवून ऐरोली स्टेशनवर उतरायचे, आणि फलाटावर कुणी तरी हमखास विचारायचं, "यात काय, टोप आहे का?"

आमचे वैभवाचे दिवस म्हणजे स्पर्धांचे दिवस. आजूबाजूच्या मंडळांनी, कधी एखाद्या शाळेच्या मैदानावर भरवलेल्या त्या स्पर्धा. लाकडी ढाल आणि एक पाकीट, एवढंच बक्षीस. मुळशी-मावळाकडे गावोगावच्या ढोल-लेझीमच्या खेळांना जी जुनी ईर्षा आहे, तिचं हे शहरी धाकटं भावंड म्हणा. वेळ बांधलेली असायची. तेवढ्यात आत यायचं, मानवंदना द्यायची, पहिल्या हातापासून, म्हणजे ठरलेल्या ठेक्यापासून, शेवटच्या हातापर्यंत जायचं आणि रांग न मोडता बाहेर पडायचं. परीक्षकांत एखादे तबलजी असले की आमच्या पोटात गोळा यायचा, कारण त्यांना फसवता येत नसे. तिसऱ्या हातातून चौथ्यात जाताना लय हळूच चढते. वाजवणाऱ्याला तो जोश वाटतो, ऐकणाऱ्याला कळतं की ही मंडळी आता पळायला लागली. दादा सरावात एकच वाक्य घोकायचे: "आवाज कमी झाला तर चालेल, लय पळू द्यायची नाही."

त्यासाठी त्यांनी एक जाच शोधून काढला होता. अख्खा हात ढोलावर टिपरू न टेकवता वाजवायचा. फक्त टोल चालू आणि बाकी सगळ्यांचे हात हवेत. वीस-पंचवीस माणसं कमरेला ढोल बांधून, टिपरू उगारून, आवाज न करता हलताहेत हे दृश्य रस्त्यावरून जाणाऱ्याला येडपटपणाच वाटायचं. पण मग दादा मान हलवायचे आणि पहिला ठोका असा एकत्र पडायचा की शेजारच्या शेडचा पत्रा थरथरायचा. कान तिथे तयार झाले. ताशाचं पान आवळताना ते कुठे बोलायला लागतं, पावसाळी हवेत चामडं कसं बसतं, फायबरचं पान का बसत नाही आणि तरी त्याचा आवाज सपाट का वाटतो, हे सगळं त्याच काळात कळलं. उजव्या तर्जनीवर पट्टी गुंडाळायची सवय मला अजून आहे. भाजी चिरायच्या आधीसुद्धा बोट आपोआप चाचपलं जातं.

पथक बुडालं ते हरल्यामुळे नाही. पैसे घेऊन वाजवायच्या सुपाऱ्या वाढल्यामुळे बुडालं. मंडळांना आवाज हवा होता, आणि शेजारच्या मंडळापेक्षा दहा ढोल जास्त हवे होते. आम्ही ढोल वाढवले. नवी मुलं दोन आठवड्यांच्या सरावावर मिरवणुकीत उतरू लागली. पाचवा हात कुणाला येईना, म्हणून तो गाळला, मग चौथाही. स्पर्धांना जायला वेळ उरला नाही, कारण त्याच दिवशी कुठे तरी स्थिरवादनाची सुपारी असायची. दादांनी येणं कधी थांबवलं ते आमच्या लक्षातही आलं नाही. जुनी पोरं आयटीच्या पाळ्यांत अडकली, काही पुण्याला गेली, मुलींची लग्नं झाली. 2020 आणि 2021 साली मिरवणुकाच बंद होत्या, तेव्हा ढोल कुणाच्या तरी गच्चीवर प्लास्टिकखाली पडून राहिले.

आवाजाबद्दल तक्रार करणाऱ्यांचा मला राग येत नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांत लिहिलेली आहे, आणि एकटा ताशाही ती सहज ओलांडतो. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांनी खिडकी लावून का बसावं? 2024 च्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांना प्रत्येकी 30 माणसांची मर्यादा घातली, तेव्हा पथकांमध्ये केवढी खळबळ उडाली. विसर्जन तोंडावर आलेलं असताना, 12 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. आमच्या जुन्या ग्रुपवर त्या दिवशी गुलाल उधळल्यासारखे संदेश आले. मीही एक अंगठा टाकला; पण तीसच्या आकड्यात वाईट काय, हा प्रश्न मनातून गेला नाही.

बुडालेलं पथक परत येऊ शकतं, याचं उदाहरण मला फार लांब सापडलं. अमेरिकेत ड्रम कोअर नावाचं प्रकरण आहे. ढोल आणि पितळी वाद्यं घेतलेली, बहुतेक विशीच्या आतबाहेरची पोरं मैदानावर कवायत करत वाजवतात, आणि त्यांच्या देशव्यापी अजिंक्यपद स्पर्धा 1972 पासून चालू आहेत. वायोमिंगमधल्या कॅस्पर गावचं ट्रूपर्स हे 1957 चं पथक एके काळी तिथलं दादा पथक होतं. पुढे उतरती कळा लागली, पैसा संपला, 2006 चा हंगाम त्यांना घरी बसून काढावा लागला. 2009 मध्ये ते पुन्हा अंतिम फेरीत पोचले, 1986 नंतर पहिल्यांदाच. हे वाचून मी आमच्या पोरांना फार काही बोलले नाही. तिकडे पथकासाठी वर्गणी देणारं गाव असतं, शिकवणाऱ्याला मानधन असतं, सरावाला मैदान असतं. इकडे मैदानाची परवानगी मिळेपर्यंत गणपती येतात. तेवीस वर्षांनी परत येता येतं, एवढाच भाग मी घेतला.

यंदा पथक पुन्हा उभं राहतंय. जुन्यांपैकी थोडे, बाकी सगळे नवे. सराव रविवारी, रबाळ्याच्या बाजूला, जिथे सुट्टीच्या दिवशी कारखाने बंद असतात आणि झोपमोड व्हायला कुणी नसतं. ताशावर एक अकरावीतली मुलगी आहे. तिचा डावा हात उजव्यापेक्षा तेज चालतो, हे मी कुठे पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "ताई, यूट्यूबवर सगळे एवढं फास्ट वाजवतात, आपण का नाही?" मी तिला टोलाच्या शेजारी उभं केलं आणि काड्या काढून घेतल्या. पंधरा मिनिटांत ती वैतागली. अर्ध्या तासाने तिची मान ठोक्याला हलायला लागली. चौथा हात आता बसतोय. पाचवा शिकवायला दादांना फोन केला, तर म्हणाले, "गुडघे गेलेत, पण कान शाबूत आहेत. खुर्ची ठेवा." ते येताहेत.

या वर्षी सुपारी घ्यायची नाही असं ठरलं आहे. खर्च वर्गणीतून, त्यावर दोघे-तिघे नाराज होऊन गेलेही. उतरायचं ते स्पर्धेत, आणि पहिल्या तिघांत येऊ असं मला आज तरी वाटत नाही. लय अजून पळते. पण पळते हे सगळ्यांना ऐकू येतं, आणि मधल्या वर्षांत नेमकं तेच हरवलं होतं.

जिथे तिथे चषक भरवणाऱ्या मंडळांना आणि नगरसेवकांना एक विनंती. लवादाचा तीसचा आकडा मिरवणुकीसाठी तुम्हाला पटो न पटो, स्पर्धेसाठी तो जसाच्या तसा उचला. पथकात तीसच माणसं, वेळ बांधलेली, परीक्षकांत एक तरी तालाचा माणूस, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाचं बक्षीस रद्द. मग बघा, ऐरोलीसारख्या उपनगरांतून किती पथकं नाव नोंदवायला येतात.