सारखाच शेक

१९९६ साली आमच्या धाकट्या बहिणीला, वयाच्या १९व्या वर्षी, हॉजकिन्स लिम्फोमा झाला. आम्ही भावंडे आळीपाळीने तिच्यासोबत किरणोपचारांना जात असू. तिथल्या बाकावर त्याला सारे ‘शेक’ म्हणत. शेजारी बसणारी मुलगी तिच्याच वयाची, आजारही तोच, छातीवरचा शेकही तेवढाच. चौथ्या आठवड्यात बहिणीची कातडी जराशी काळवंडली. त्या मुलीला मात्र गळ्याशी कपडा सोसवेना. तिच्या आईने विचारले, “तुमच्या पोरीला कमी देतात का हो?” आम्ही निरुत्तर झालो.

पुढे वाचनातून थोडे उमगले. प्रारण पेशींतील डीएनएचे धागे तोडते आणि ते सांधण्याची कुवत सर्वांची सारखी नसते. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा दुर्मिळ आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना नेहमीच्या मात्रेनेही भयंकर इजा होते. त्यामागचे एटीएम जनुक १९९५ मध्ये सापडले. आरबी१ जनुकातला दोष जन्मतःच असलेल्या मुलांना डोळ्याच्या कर्करोगासाठी शेक दिला, तर पुढे त्याच भागात हाडांचा वा स्नायूंचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. म्हणून त्यांच्या बाबतीत बाहेरून शेक देणे आता शक्यतो टाळतात.

बाकीची बहुतेक माणसे या टोकांच्या अलीकडची. त्यांच्यातील फरक एका जनुकावर ठरत नाही. शिवाय कातडीने सोसले म्हणजे पुढचा धोका टळला, असेही नाही. हे आम्हाला फार उशिरा कळले. तिची कातडी शाबूत राहिल्याचे समाधान आम्ही वर्षानुवर्षे ठेवीसारखे जपले होते.

तरुणपणी छातीवर शेक घेतलेल्या स्त्रियांना स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. त्यांनी २५व्या वर्षापासून, किंवा शेकानंतर ८ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी एमआरआय करावा असा सल्ला दिला जातो. आम्हाला तो कोणी दिला नव्हता. २००९ मध्ये तो वाचनात आला, तेव्हा तिला सांगावे की नाही यावर आम्ही तीन महिने खल केला. तेव्हा तिची मुलगी दोन वर्षांची होती. अखेर सांगितले. ती एवढेच म्हणाली, “शरीर माझं, आणि तीन महिने विचार तुम्ही केलात?”

त्या शेकानेच तिला ही सारी वर्षे दिली, हे आम्ही विसरत नाही. दरवर्षी तपासणीला ती एकटीच जाते. अहवाल आला की प्रथम स्वतः वाचते, मग आम्हाला फोन करते.