तलब मनाची की अंगाची?

गांजाविषयी आमच्या मोहल्ल्यात एक मत पक्के आहे. दारूसारखे हातपाय थरथरत नाहीत, गर्दसारखी हाडे ठणकत नाहीत. तेव्हा गांजा ही नुसती मनाची सवय. पुरावा म्हणून रमजानचा दाखला दिला जातो. चिलीम ओढणारे कितीतरी जण सहरीपासून इफ्तारपर्यंत बिनतक्रार रोजा पाळतात. अंगाला गरज असती तर ते असरच्या नमाजाआधीच कोलमडले असते, असे लोक म्हणतात.

आम्हाला हा दाखला तपासून पाहावासा वाटतो. गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, शरीरातल्या चरबीत साठतो आणि तिथून हळूहळू रक्तात येत राहतो. म्हणून रोज ओढणाऱ्याने थांबवले तरी त्रास लगेच होत नाही. तो साधारण एक ते तीन दिवसांत सुरू होतो. रोजा तेरा-चौदा तासांचा. त्रास सुरू होण्याआधीच इफ्तार होते आणि तरावीहनंतर चिलीम पुन्हा पेटते. म्हणजे अंगाची परीक्षा झालेलीच नसते. तंबाखूची तलब मात्र काही तासांतच लागते. चिलमीत गांजाबरोबर तंबाखूही मिसळतात, त्यामुळे कोणती तलब कशाची हे ओढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आमचे एक मामू यंत्रमागावर कामाला होते. पाळी सुटली की तकियावर बसून ओढायचे. मुलीच्या निकाहाआधी त्यांनी एकदम सोडले. पहिला दिवस बरा गेला. तिसऱ्या रात्रीपासून झोप उडाली. घामाने बनियन भिजायचे, पोटात कळा यायच्या, भाकरी तशीच ठेवून उठायचे. क्षुल्लक गोष्टीवरून मुमानीवर ओरडायचे. घरचे म्हणाले, "नाटकं करतात." डॉक्टरांनीही सांगितले, गांजा सोडल्याने असे काही होत नसते, मन घट्ट करा. नवव्या दिवशी मामू पुन्हा तकियावर गेले. आपलेच इमान कच्चे, अशी त्यांची खात्री झाली होती.

मामूंना जे झाले त्याला आता वैद्यकात नाव आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेत १९९४ साली ते नव्हते. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ते आले. चिडचिड, बेचैनी, निद्रानाश, भूक मरणे, घाम, पोटदुखी ही त्याची लक्षणे. पहिल्या आठवड्यात त्रास सर्वांत जास्त, दोनेक आठवड्यांत ओसरतो; झोप मात्र उशिरा परतते. कारणही कळले आहे. टीएचसी मेंदूत जिथे जाऊन चिकटतो त्या जागा १९८८ मध्ये सापडल्या. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत त्या कमी होतात आणि सोडल्यावर साधारण चार आठवड्यांत पूर्ववत होऊ लागतात. हे अंगाचेच काम झाले.

मग मन सुटले का? नाही. महिन्याने अंग सावरते, पण तकिया तिथेच असतो, दोस्त तेच, रात्रपाळीचा थकवाही तोच. चिलमीचा वास आला की पाय तिकडे वळतात. अंगाची तलब काही दिवसांची, मनाची लांबची. दारू एकाएकी तोडली तर कधी जिवावर बेतते. गांजाचे तसे नाही. पण जीव जात नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

हा प्रश्न चार फकीर-मलंगांचा नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ७२ लाख लोकांना भांग-गांजाच्या व्यसनासाठी मदतीची गरज होती. नशा हराम आहे, याविषयी आमच्यात वाद नाही. पण हराम म्हटल्याने झोप येत नाही. सोडणाऱ्याला पहिले पंधरा दिवस तापाच्या रुग्णासारखे सांभाळावे लागते: हलके जेवण, पाणी, शांतता, टोमणे बंद. त्यानंतर समुपदेशन, काम आणि नवी संगत. यावर खास मान्यताप्राप्त औषध अजून नाही, म्हणून घरच्यांचा धीर अधिक मोलाचा. पोलिसांच्या भीतीने अनेक घरे गप्प बसतात. त्यांना हेही सांगायला हवे की १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे ६४-अ कलम स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते. जुम्म्याच्या बयानात नशेविरुद्ध बोलताना एवढी माहितीही दिली जावी, असे आम्हाला वाटते.