लेझर, लाइट आणि नानांचं रिव्हॉल्व्हर

तुमच्या ऑफिसच्या बॅगेत काय काय असतं? लॅपटॉप, चार्जर, डबा, अ‍ॅसिडिटीची गोळी... आणि प्रेझेंटेशनसाठी तो पेनाएवढा लेझर पॉइंटर. माझ्या बॅगेतल्या पॉइंटरनं २०२५ च्या आखाजीला आमच्या धुळ्याच्या घरात अशी काही गडबड केली, की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी थोडी बॅकग्राउंड. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि रविवारी सकाळी शूटिंग रेंजवर जाऊन स्वतःच्या! १० मीटर एअर पिस्तूल. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात गोल्ड मिळवलं, तेव्हा मी कॉलेजात होते. टीव्हीसमोर उभी राहून ओरडले होते. नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून रेंजची फी भरली. तेव्हापासून नातेवाइकांत मी 'बंदूकवाली' आहे. लग्नाच्या स्थळांना हे सांगायचं की नाही, यावर घरात दोन पार्ट्या आहेत.

पण आमच्या घरातली खरी बंदूक नानांची. नाना म्हणजे माझे मोठे काका. कापसाचा व्यापार. धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव हा रस्ता त्यांनी आयुष्यभर जीपनं तुडवला, खिशात रोकड घेऊन. तेव्हा त्याला सहा नंबरचा हायवे म्हणायचे, हल्ली तो त्रेपन्न नंबरचा आहे. एकदा रात्री पारोळ्याच्या पुढे कुणीतरी जीप अडवायचा प्रयत्न केला. त्यानंतर नानांनी लायसन्स काढलं आणि १९९८ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं. सहा गोळ्या, तीन इंची नळी. आजवर त्यांनी ते कुणावर रोखलेलं नाही. दसऱ्याला पूजा, वेळच्या वेळी तेल-पाणी, पुन्हा कपाटात. नियम एकच, 'लायसन्स माझं, हात माझा.' घरात दुसऱ्या कुणी त्याला बोट लावायचं नाही.

तर आखाजी. खान्देशात आखाजी म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण. खापरावरचे मांडे, आमरस, सांजोऱ्या, अंगणात झोके. नोकरीनिमित्त बाहेर पडलेली सगळी मंडळी घरी. जेवणं झाली आणि नानांच्या मुलानं, म्हणजे आमच्या धाकट्यानं (घरात त्याला सगळे धाकटाच म्हणतात), मोबाइल माझ्यासमोर धरला.

"ताई, हे बघ. सॉलिड ना?"

फोटोत एक रिव्हॉल्व्हर होतं. म्हणजे असावं. वर रेड डॉट साइट, खाली टॉर्च, टॉर्चच्या बाजूला लेझर. बिचारं मूळ रिव्हॉल्व्हर मधे कुठेतरी दडपलेलं. लग्नात नवरदेवाच्या गळ्यात इतके हार घालतात की तोंड दिसत नाही, तसं!

धाकटा जळगावच्या एमआयडीसीत प्रॉडक्शनला आहे. कुठलीही गोष्ट मुळात आहे तशी ठेवायची नाही, हा त्याचा फंडा. बाइकला तीन लाइट, कारला चार स्पीकर. आता त्याला नानांच्या रिव्हॉल्व्हरला लेझर आणि लाइट लावायचा होता. त्याचा अभ्यास मात्र पक्का. बंदुकीवर असली सामग्री बसवायला जी खाचांची पट्टी असते तिला पिकाटिनी रेल म्हणतात, अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या पिकाटिनी आर्सेनलवरून. १९९५ मध्ये तिथल्या लष्करानं तिचं माप ठरवून टाकलं, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा दिवा कुठल्याही कंपनीच्या बंदुकीवर बसतो. मोबाइलच्या सी-टाइप चार्जरसारखं. स्मिथ अँड वेसननं तर टीआरआर-८ नावाचं आठ गोळ्यांचं रिव्हॉल्व्हरच काढलं, ज्यावर ही रेल बसते.

"आणि आपल्या नानांच्या रिव्हॉल्व्हरला रेल कुठेय?" मी विचारलं.

"तेच तर! काहीतरी जुगाड करावा लागेल."

मी हसले. खूप हसले. मग म्हटलं, थांब, घरात आज जाणकार मंडळी जमलीच आहेत, त्यांचं मत घेऊ.

पहिलं मत माझंच, म्हणजे माझ्या कोचचं. आमच्या खेळात पिस्तुलावर भिंग नाही, लेझर नाही, काहीच नाही. पुढे एक माशी, मागे एक खाच, बस्स. .३२ वाल्यांसाठीसुद्धा २५ मीटर सेंटर फायर नावाची स्पर्धा असते, तिथे रिव्हॉल्व्हर चालतं, पण नियम तेच. १० मीटरवर माझ्या टार्गेटचं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. कोच पहिल्याच दिवशी सांगतात, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल, माशी स्वच्छ दिसली पाहिजे. नजर माशीवर! लेझर लावला की नजर माशी सोडून टार्गेटवर जाते, हात काय करतोय ते विसरतो.

दुसरं मत वरणगावच्या मामांचं. मामा ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाले. खान्देशाबाहेरच्यांना केळी आणि वांग्याचं भरीत माहीत असतं, पण वरणगावला १९६० च्या दशकापासून फौजेच्या रायफलींची काडतुसं बनतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं. मामांनी सांजोरी तोडत तोडत सांगितलं, "रिव्हॉल्व्हर म्हणजे पिस्तूल नाही रे बाबा. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. गोळी उडाली की त्या फटीतून गरम गॅस आणि काजळी बाहेर फेकली जाते. तू खाली दिवा लाव, चार-सहा राऊंडनंतर त्याची काच काळी. आणि बोट तिथे गेलं तर बोट भाजेल ते वेगळंच. वर पुढचं वजन वाढणार, म्यानात बसणार नाही."

तिसरे आमचे शेजारी जमादारकाका. धुळ्याच्या एसआरपीच्या सहा नंबर गटातून रिटायर. ते कमी बोलतात, पण बोलले की विषय संपतो. "रात्री खडखड झाली," ते म्हणाले, "तर तू बघणार कोण आहे ते. दिवा बंदुकीवर असेल तर ज्याच्यावर उजेड पाडशील त्याच्यावर नळी पण गेली. मांजर असेल, नाहीतर पाण्याला उठलेली तुझी आई असेल. टॉर्च डाव्या हातात ठेव. बंदुकीचं नंतर बघू."

यावर धाकटा गप्प बसेल असं वाटलं होतं. पण तो चिडला नाही की हटला नाही. "परदेशात म्हाताऱ्या माणसांना लेझर सोपा जातो म्हणतात," एवढंच पुटपुटला. मला वाटलं, हा शौक आहे, स्टेटसला फोटो टाकायचाय. आमच्याकडे या शौकाची भीती वाटते. चोपड्याच्या वर, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून असलेल्या उमर्टीचं नाव गावठी कट्ट्यांच्या बातम्यांत सारखं येतं. पोरं कट्टा हातात घेऊन फोटो टाकतात आणि दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात बसलेली असतात. नानांचं सगळं कायदेशीर असलं, तरी बंदुकीची हौस ही हौसच. मी त्याला तसं बोललेही. जरा जास्तच बोलले.

नाना इतका वेळ ओट्यावर बसून ऐकत होते. एकदम म्हणाले, "त्याला नको बोलू माय. मीच सांगितलं होतं त्याला." आणि मग थोडं थांबून, "आते माले माशी दिखत नही."

सगळे गप्प.

मंडळी, हे मला कळायला हवं होतं. हाताच्या अंतरावरची माशी वय झालं की पुसट होते, हे प्रत्येक नेमबाजाला माहीत असतं. आमच्या रेंजवर पन्नाशीचे लोक खास नंबरचा चष्मा करून घेतात. मी मात्र नानांच्या रिव्हॉल्व्हरला हसत बसले. नाना सत्तरीचे आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"चला, लेझर कसा असतो ते तर बघू," नाना म्हणाले. मूड हलका करायला असेल. मी बॅगेतून पॉइंटर काढला. नानांनी कपाटातून रिव्हॉल्व्हर आणलं, मधून उघडलं, सहाही घरं रिकामी असल्याचं जमादारकाकांना दाखवलं. गोळ्या आतल्या खोलीत, कुलपात. धाकट्यानं मिठाईच्या खोक्याचे दोन रबरबँड लावून पॉइंटर नळीला बांधला. जगातलं सगळ्यात स्वस्त टॅक्टिकल रिव्हॉल्व्हर! सगळी मुलं हसली. सगळ्यांना नानांच्या मागे उभं केलं आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर टार्गेट ठरलं. ३० एप्रिल, बुधवार, आखाजी.

नानांनी हात लांब केला. लाल ठिपका ३० वर गेला. तिथून २३ वर. २४ वर. पुन्हा ३०, मग कॅलेंडरच्या बाहेर भिंतीवर, मग परत आत. ठिपका थांबेचना. नानांनी दुसरा हात लावला. ठिपका थोडा हळू झाला, पण थरथर तशीच.

हात सगळ्यांचाच हलतो. माझाही हलतो, ऑलिम्पिकवाल्यांचाही थोडा हलतो. पण हे तसं नव्हतं. पाच मीटरवर ठिपका अख्खा आठवडा फिरून येत होता. माशीनं हे इतके दिवस झाकून ठेवलं होतं, कारण माशी दिसतच नव्हती. लेझरनं ते भिंतीवर मोठ्ठं करून दाखवलं.

मुलांचं हसणं थांबलं. नानांनी हात खाली घेतला, रबरबँड काढले आणि पॉइंटर माझ्या हातात दिला. "चांगली वस्तू आहे," म्हणाले आणि रिव्हॉल्व्हर पुसत आत गेले.

मला तेव्हा एकेक गोष्ट आठवायला लागली. नाना हल्ली चहा बशीत ओतत नाहीत. कप अर्धाच भरून मागतात. लग्नपत्रिकेवर नाव लिहायचं असलं की धाकट्याला देतात. आम्ही सणाला चार दिवस येतो, फोटो काढतो आणि निघतो. धाकटा मात्र दर शनिवारी जळगावहून घरी येतो. त्यानं हे सगळं पाहिलं होतं. फक्त 'नाना, डॉक्टरकडे चला' हे म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून तो लेझर शोधत होता. आपणही असंच करतो ना? आईला ऐकू कमी येतं म्हणायच्या ऐवजी मोठ्या आवाजाचा मोबाइल घेऊन देतो.

त्या रात्री मी धाकट्याला सॉरी म्हटलं. झोक्यावर बसून आम्ही दोघांनी ठरवलं आणि पुढच्याच आठवड्यात तो नानांना डॉक्टरकडे घेऊन गेला. मोतीबिंदू निघाला, दोन महिन्यांत ऑपरेशन झालं. थरथरीवर गोळ्या सुरू झाल्या. आता नानांना माशी दिसते म्हणे. पण हात अजून हलतो.

रिव्हॉल्व्हरचं काय झालं? डिसेंबर २०२५ मध्ये धुळे महापालिकेची आचारसंहिता लागली आणि नेहमीसारखी शस्त्र जमा करायची नोटीस आली. नाना दर निवडणुकीला ते पोलिस ठाण्यात जमा करतात आणि निकाल लागला की पहिल्या आठवड्यात सोडवून आणतात. २०२४ मध्ये तर दोनदा झालं, लोकसभेला आणि विधानसभेला. या वेळी १५ जानेवारीला मतदान झालं, निकाल लागला, फेब्रुवारी आला. नाना गेलेच नाहीत.

मी फोनवर विचारलं, "नाना, आणायचं नाही का?"

"राहू दे माय. लायसन्स परत करायचा अर्ज लिहितोय. धाकट्याला म्हटलं, तू लिही, तर म्हणतो तुम्हीच लिहा, हळू लिहा."

धाकट्यानं वारसाहक्कानं ते स्वतःच्या नावावर करून घ्यायचं म्हटलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं. २०२३ मध्ये कानपूरनं 'प्रबळ' नावाचं नवं .३२ रिव्हॉल्व्हर काढलं, सिलिंडर बाजूला उघडणारं, त्याचे व्हिडिओ तो मला अजून पाठवतो. पण अर्ज काही त्यानं केला नाही. "ताई, पारोळ्याच्या पुढे आता दर चार किलोमीटरला ढाबा आहे," म्हणाला. "आणि पैसे मोबाइलवर जातात. कुणाला अडवायचं असेल तर ओटीपी मागेल."

त्यानं नानांना एक टॉर्च मात्र घेऊन दिलाय. जाड मुठीचा, हातात नीट बसणारा. तो त्यांच्या उशाशी असतो. परवा रात्री मागच्या दारी खडखड झाली, तेव्हा नाना तोच घेऊन उठले.

मांजर होतं.