पायी गेली

माझी मोठी मावशी धुळ्याला असते. तीन वर्षांपूर्वी ती पुण्याला माझ्याकडे आली होती, तेव्हा गुडघे दाखवायला तिला इथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बीपी, शुगर वगैरे विचारून झाल्यावर बाईंनी पाळीचं विचारलं. मावशी म्हणाली, "पायी गेली. वर्ष झालं."

बाईंनी मान वर केली. "पायी? कुठे, वणीला का?"

चैत्रात खानदेशातून हजारो लोक वणीच्या सप्तशृंगी गडावर चालत जातात, त्यामुळे बाईंचा अंदाज अगदीच काही वेडा नव्हता :) पण आमच्याकडे 'ळ' चा 'य' होतो. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, आणि जळगाव म्हणजे जयगाव. तशी पाळी म्हणजे पायी. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलते. पण लाजली की तिचा 'ळ' हमखास जातो.

रजोनिवृत्ती हा शब्द मी आमच्या घरात कधीही कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. 'मेनोपॉज' आता हल्ली ऐकू येतो, तोही टीव्हीमुळे. बायकांचे शब्द दोनच. 'पायी गेली' आणि 'पिशवी काढली'. तुम्ही बहुतेक माझ्याच वयाचे असाल, म्हणजे तिशीच्या आसपासचे. तुमच्या आईच्या बाबतीत यातलं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे का? मला सत्तावीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं, कारण माझ्यासमोर कुणी बोलतच नव्हतं.

बोलणं सुरू झालं ते गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, जळगावला आमच्या गच्चीवर. निमित्त बिबड्यांचं. (ज्यांना बिबडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी: ज्वारी भिजवून, दळून, मिरची-लसूण-तीळ घालून शिजवायची आणि थापून वाळवायची. भाजून किंवा तळून खायचे. पापडापेक्षा शंभरपट भारी, याबाबत वाद घालायचा नाही.) हे काम एकटीने होत नाही. पहाटे पाचला चूल पेटते, मोठ्या पातेल्यात पीठ हाटायला दणकट हात लागतात आणि ऊन चढायच्या आत सगळं थापून व्हावं लागतं. त्यामुळे धुळ्याहून मावशी आली होती, आजी होती, आणि आईच्या माहेरच्या गावाहून, रावेरकडून, एक काकू आल्या होत्या. पुरुष सगळे खाली झोपलेले.

आई पीठ हाटत होती. मध्येच हातातलं लाकूड टाकून ती एकदम कठड्याकडे गेली. चेहरा लाल, मानेवरून घाम. मला वाटलं चुलीची झळ लागली. मावशी जागेवरूनच म्हणाली, "बस दोन मिनिटं. जाईल." तिला बरोबर कळलं होतं.

मग आईने जे सांगितलं ते ऐकून मी आधी हसले आणि मग गप्प झाले. तिला हे असं व्हायला लागून एक उन्हाळा उलटून गेला होता, पण जळगावच्या मे महिन्यात ते कळणार कसं? बाहेर ४४-४५ डिग्री, घरात कूलर दमट वारा फेकतोय, सगळंच घर घामाघूम. कळलं ते डिसेंबरात. पारा आठ-नऊवर आलेला, पप्पा दोन गोधड्या घेऊन झोपलेले, आणि आई रात्री तीनला फरशीवर नुसती आडवी. पंखा लावला की पप्पांची कटकट, बंद केला की हिचा जीव घाबरा. शेवटी ती हॉलमध्ये झोपायला लागली. पप्पांना वाटलं रुसली आहे. तिने खुलासा केला नाही, कारण खुलासा करायला शब्द हवा ना!

हे नेमकं काय होतं ते मी नंतर वाचलं. शरीराचं तापमान राखणारं केंद्र मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये असतं. थोडंफार कमीजास्त झालं तर ते दुर्लक्ष करतं. इस्ट्रोजेन घटायला लागलं की हा दुर्लक्ष करण्याचा पट्टा अरुंद होतो. मग तापमान जरासं जरी वर सरकलं तरी मेंदू तातडीचा अलार्म वाजवतो: त्वचेकडे रक्त सोडा, घाम काढा. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर ठणठणीत आहे, अलर्टची मर्यादा कुणीतरी चुकीची लावून ठेवली आहे. पण आईला मी हे उदाहरण दिलं नाही, तिने लाकूड फेकून मारलं असतं.

मावशीची गोष्ट वेगळी. तिला घाम कमी, पण डोकं. चौथीच्या वर्गाची हजेरी घेताना पाच वर्षं ओळखीच्या मुलाचं नाव आठवेना. रोज जेमतेम तीन तास झोप. आणि राग... एकदा तिने एका पोराची वही भिरकावली आणि मग स्टाफरूममध्ये जाऊन रडली. तिला वाटलं आपल्याला वेड लागतंय. घरी काकांना सांगितलं तर ते म्हणाले, शाळेचं टेन्शन घेऊ नको. जाऊ कुणाकडे आणि सांगायचं काय? शाळेत बाकी चार शिक्षिका, त्यातल्या दोघी तिच्याच वयाच्या. पुढे सहा महिन्यांनी कळलं की त्या दोघींचंही तेच चाललं होतं! एका स्टाफरूममध्ये एका टेबलावर डबा खाणाऱ्या तीन बायका, आणि प्रत्येकीला वाटतंय वेड फक्त आपल्याला लागलंय.

मावशीने एक हुशारीचं काम केलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर टिंबं करायला लागली. पाळी आली की लाल टिंब, झोप नाही तर काळं. तिच्याकडे साडेतीन वर्षांची कालनिर्णयं आहेत, मी पाहिलीत. आधी लाल टिंबं वीस-बावीस दिवसांवर, मग दोन महिन्यांवर, मग पाच. सलग बारा महिने पाळी आली नाही की मग 'गेली' म्हणायचं, हा वैद्यकीय नियम तिला ठाऊक होता. आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ च्या सुमाराला होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या. मावशीची पन्नाशीत गेली.

आजीला विचारलं तर ती म्हणाली, "आमचं काय, गेली तवा गेली. सुटले." तिला त्यात दुःख नव्हतंच. पाळी गेल्यावर तिला पहिल्यांदा देवघरात महिनाभर बिनदिक्कत जाता आलं, कानबाईच्या रोटांना हात लावता आला, लोणच्याच्या बरणीपासून कुणी लांब बस म्हणालं नाही. अंग तापत होतं का? "तापत असेल. चुलीपुढे कोन पाहतं."

काकू इतका वेळ गप्प थापत होत्या. त्या केळीच्या बागेत रोजंदारीने जातात. वय चव्वेचाळीस, दिसतात साठीच्या. मी विचारलं, "काकू, तुमचं?"

"माही तर पिशवीच काढेल आहे. बत्तीसची होती मी."

अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात दाखवलं. मुलं झालेली आहेत, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असं सांगितलं. नवऱ्याने व्याजाने पैसे काढले. ऑपरेशननंतर महिन्याभरातच अंग पेटायला लागलं, बत्तीसाव्या वर्षी. हाडं दुखायला लागली. घड उचलून खांद्यावर घ्यायचं काम त्यांनी सोडलं, मजुरी कमी झाली. बारा वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो.

मी विचारलं, पिशवीबरोबर ओव्हरीज पण काढल्या का? त्यांना माहीत नाही. कागद घरात पावसाळ्यात भिजले. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं हार्मोन्स बनवत राहतात. अंडाशयंही काढली तर जे चार-पाच वर्षांत हळूहळू व्हायचं ते एका दिवसात होतं. तेही विशी-तिशीत झालं तर हाडं आणि हृदय दोन्हींना पुढची कितीतरी वर्षं इस्ट्रोजेनशिवाय काढावी लागतात. काकूंच्या वेळी यातलं काय झालं ते महिन्याभरात पेटलेल्या अंगावरून ओळखायचं.

काकू एकट्या नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३ टक्के स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली, त्यातल्या निम्म्या जणींची पस्तिशीच्या आत, आणि बहुतेक ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत. बीडचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऊसतोड कामगार बायकांचं सर्वेक्षण करून घेतलं: ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. उसाच्या फडात पाळीत सुट्टी घेतली की दंड, शौचालय नाही, पाणी नाही. मग पिशवीच नको. आमच्या चाळीसगाव-धुळे भागातूनही कोयता घेऊन टोळ्या जातात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

पिशवी काढणं नेहमीच चूक असं मी म्हणत नाहीये. कॅन्सर आहे, मोठ्या गाठी आहेत, अंग बाहेर येतंय, औषधांनी रक्तस्राव थांबतच नाही, तेव्हा ते ऑपरेशन जीव वाचवतं. पण नुसतं पांढरं जातंय म्हणून?

आणि हे सगळं मला इतकं का लागलं, तर त्याच जूनमध्ये आईची पाळी आली ती थांबेचना. सतरा दिवस. हिमोग्लोबिन ८ वर. जळगावातल्या एका दवाखान्यात दहा मिनिटांत निकाल: पिशवी काढून टाका, वय झालंय, ठेवून करायचं काय. तारीखसुद्धा दिली. पप्पा तयार. आणि खरं सांगायचं तर आईसुद्धा तयार! मला वाटलं होतं ती घाबरेल. ती म्हणाली, "एकदाची कटकट जाऊ दे. मला आता रोजचं गोधडीचं, चादरीचं, कपड्यांचं नको झालंय." तिच्या जागी राहून पाहिलं तर हे काही अडाणीपणाचं बोलणं नाही. सतरा दिवस रक्त जाणाऱ्या बाईला 'थांब, विचार कर' म्हणणं पुण्यात बसून फार सोपं असतं.

अडली ती मावशी. तिने फोनवर एकच विचारलं, "आत काय आहे ते पाहिलं का कुणी?" कुणीच पाहिलं नव्हतं. सोनोग्राफीसुद्धा नाही. मावशीने पप्पांशी भांडण केलं (पप्पांशी भांडायची हिंमत आमच्याकडे दोघींचीच, आजीची आणि तिची), आईला गाडीत घातलं आणि पारोळामार्गे धुळ्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, थायरॉईड पाहिलं. तुकड्याचा रिपोर्ट यायला आठ दिवस. ते आठ दिवस आई मावशीकडे राहिली. पप्पा रोज रात्री फोन करून कूलरमध्ये पाणी कसं भरायचं ते विचारत होते. मी ऑफिसात बसून कोडऐवजी गुगलवर 'एंडोमेट्रियल' या शब्दाची दहा-दहा पानं वाचत होते.

रिपोर्ट साफ आला. एक लहान गाठ, बाकी काही नाही. लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या आणि तीन महिन्यांचा हार्मोन्सचा कोर्स. डॉक्टर आईला म्हणाल्या, ऑपरेशनचा रस्ता बंद नाही, लागलं तर करू. पण एकदा पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी त्याच दिवशी या, ते अंगावर काढायचं नाही. हे वाक्य तुमच्या आईलाही सांगून ठेवा.

मावशीने त्याच खेपेला स्वतःच्या झोपेचं विचारून घेतलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानंतर हार्मोनच्या गोळ्यांची जगभर धास्ती बसली होती. पुढे त्याच आकडेवारीत दिसलं की साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बायकांसाठी हिशोब बराच वेगळा आहे. मावशी अजून विचार करतेय. तिला आधी मॅमोग्राफी करून घ्यायची आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतून रजा मिळत नाही.

काकूंच्या हाडांची तपासणी धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात करायची असं बिबड्यांच्या वेळीच ठरलं होतं. दोनदा तारीख ठरली. दोन्ही वेळा केळीची कटाई निघाली आणि रोज बुडवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

आईने आता आमच्या फ्रिजशेजारच्या कालनिर्णयवर टिंबं सुरू केलीत. पप्पांना त्याचा अर्थ माहीत आहे, त्यांनी दुधाचा हिशोब दुसऱ्या पानावर हलवला. कोर्स संपल्यावर दोन महिन्यांनी पाळी आली, मग सलग सात महिने काही नाही. मी मनात बाराकडे मोजायला लागले होते. परवा शनिवारी सकाळी तिचा फोन.

"आली गं. परत एकपासून."