एक कोयता

महाविद्यालयीन मुलांच्या एकांकिका पाहण्याचें मला व्यसन आहे, असें आमच्या घरांत मानतात. आणि मीही तें नाकारीत नाहीं. जानेवारींत नगरला थंडी पडली आणि महाकरंडकासारख्या स्पर्धांची वर्दळ सुरू झाली, कीं घरच्यांनीं मला रात्रीच्या जेवणांतून वजाच धरावें. गळ्याला मफलर गुंडाळून मधल्या रांगेंत बसावें, आणि मिशा अजून नीट न फुटलेल्या पोरांनीं रंगविलेले म्हातारे पाहावे, यासारखें सुख नाहीं.

या नादाला आमच्या गांवांत थोर पूर्वज आहेत. १९४७ सालीं निघालेल्या अहमदनगर महाविद्यालयांत मधुकर तोरडमल इंग्रजी शिकवीत, आणि प्राध्यापकांची मनसोक्त थट्टा करणारें ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ त्यांनींच लिहिलें. सदाशिव अमरापूरकर तर येथलेच. तेव्हां प्रेक्षक म्हणून मी थोडा चिकित्सक आहें, याचा दोष माझ्याइतकाच गांवाचाही आहे. १९६३ पासून चालत आलेल्या पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनीं २०२२ सालीं ‘करंडकास कोणीच पात्र नाहीं’ असा निकाल दिला, तेव्हां मुलांच्या बाजूनें बोलणारे पुष्कळ होते. मी मात्र हिरिरीनें परीक्षकांकडून भांडलों. मुलांना खोटी शाबासकी देणें ही एक प्रकारची फसवणूकच, असें माझें म्हणणें होतें, व आजही आहे.

गेल्या हिवाळ्यांत एका लहानशा स्पर्धेला गेलों, तो खिशांत वही घेऊन. पहिल्या दोन एकांकिकांत तीन आत्महत्या झाल्या. या वयाच्या लेखकांना मरण फार स्वस्त पडतें! तांबडा प्रकाश, बासरीचे सूर, आणि ‘बाबा, तुम्ही मला कधीं समजलाच नाहींत!’ हें वाक्य. मी वहींत काय लिहिलें तें सांगत नाहीं.

तिसरी एकांकिका पाथर्डीकडच्या एका मुलानें लिहिलेली होती. रंगमंचावर एक चूल, एक बाज, एक कंदील. ऊसतोडीला जाण्यापूर्वीं मुकादम उचल देण्यासाठीं वस्तीवर आला आहे व वहींत नांवें घालीत आहे. आमच्या जिल्ह्याची ही दोन तोंडें आहेत. महाराष्ट्रांतील पहिला सहकारी साखर कारखाना १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं सुरू झाला. आणि त्याच जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगांवाकडील कोरडवाहू वस्त्या दिवाळीनंतर कुलुपें लावून फडावर निघून जातात. म्हातारीकोतारीं तेवढीं मागें राहतात.

नाटकांतली पोर आजीला विचारते, “आज्जे, मुकादमानं ‘एक कोयता’ लिवलं. कोयता म्हंजी आई का आबा?”

“दोघं मिळून एक,” आजी म्हणते.

ऊसतोडीच्या हिशेबांत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटा माणूस अर्धा. हें मला ऐकून ठाऊक होतें. परंतु तें त्या थकल्या, सरळ आवाजांत कानावर पडलें, आणि सभागृहांत कोणी खोकलेंही नाहीं. पुढें मुकादम शेजारच्या पोराचें नांव घालतो, थांबतो, ‘अर्धा’ म्हणतो. आजी सावकाश आपल्या नातीकडे पाहते. नात चौदा वर्षांची आहे. ती कंदिलाची कांच पुसण्यांत गढलेली आहे.

येथें पडदा पडावयास हवा होता. पडला नाहीं. ती पोर पुढें आली आणि शिक्षण, बालविवाह, समाज यांवर तिनें पांच मिनिटें भाषण केलें. टाळ्या कडाडल्या. मीं वहींत लिहिलें: ‘शेवटचें भाषण अनावश्यक. सर्व घालविलें.’

बाहेर पोरें चूल व बाज टेम्पोंत चढवीत होतीं. लेखक कोणता तें विचारून मीं त्याला गांठलें, आणि मनांतलें स्पष्ट सांगितलें.

“होय सर,” तो शांतपणें म्हणाला, “गावात करू तेव्हा ते भाषण काढूनच टाकणार आहे. तिथं लागत नाही. ते इथल्या लोकांसाठी घातलं होतं.”

मला एकदम उत्तर सुचलें नाहीं. कांहींतरी बोलावें म्हणून विचारलें, “घरचीं मंडळी आलीं होतीं का?”

“हंगाम चालू आहे ना, सर.”

खरेंच कीं! इतकीं वर्षें मी जानेवारींतल्या स्पर्धा पाहत आलों. परंतु ज्यांच्यावर हीं नाटकें लिहिलीं जातात तीं माणसें याच महिन्यांत पहाटेच्या दंवांत मोळ्या बांधीत असतात, हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

“मग गांवांत केव्हां करणार?”

“पट्टा पडला की. मार्च-एप्रिलात.”

टेम्पो चालू होईना; पोरांनीं ढकलला, मीही मफलर सांवरून हात लावला. घरीं येऊन वही उघडली. लिहिलेलें खोडलें नाहीं, कारण तें खरें होतें. त्याच्याखालीं एप्रिल असें लिहिलें, आणि पाथर्डीची मोटार किती वाजतां सुटते तें उद्यां विचारावयाचें ठरविलें.