परक्यांची भेट
रॉयल एनफील्ड मोटारसायकलींच्या स्वारांचा मेळा नोव्हेंबरात गोव्यातील वागातोर येथे भरतो. पूर्वीचा ‘रायडर मेनिया’ २०२३ साली ‘मोटोव्हर्स’ झाला. केजहून निघून बार्शी, पंढरपूर, मिरज, कोल्हापूर मागे टाकीत आम्ही आंबोलीचा घाट उतरलो. ‘आप्तांकडे जाण्यास तुम्हांस सवड नसते, परक्यांसाठी मात्र एवढी दौड!’ हा घरच्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप वाटभर सोबतीस होता.

एकत्र कुटुंबात मनुष्य अमक्याचा पुत्र, तमक्याचा पुतण्या म्हणूनच ओळखला जातो. तेथे कोणी कूळ वा हुद्दा विचारला नाही. ‘घाटात गाडी तापली काय?’ एवढेच विचारले. पंढरीच्या वाटेवरही असाच समभाव असतो.

तथापि परक्यांसाठी जी वाट लांब वाटली नाही, ती आप्तांसाठीही वाटू नये. परतताना आम्ही मिरजेस आत्याबाईंकडे मुक्काम केला.